बालीतलं शांत घर विकणे आहे

नाही, तुम्हीच सांगा, पहाटेपासून चाळीस माणसं तुमच्याच अंगणात पाटावर मसाला आणि खोबरं खटाखट चिरत बसली आहेत, प्रत्येकाच्या हातात हा एवढाला सुरा, आणि व्हिडिओ कॉलवर समोर गिऱ्हाईक बसलंय ज्याला शांत घर घ्यायचंय, तर तुम्ही काय कराल? म्यूट कराल. कुणीही करेल. मी बत्तीस वर्षं कानाच्या मशीनच्या कंपनीत इंजिनियर होतो हो, आवाज कमी-जास्त करणं हाच माझा धंदा, आणि मला ते बटण सापडलं नाही, असं मी केदारला सांगितलंय. केदार म्हणजे माझा मुलगा, तिकडे टेक्सासला अर्विंगमध्ये असतो. त्याचा विश्वास बसलाय की नाही ते त्यालाच माहीत... पण थांबा, मी शेवटाकडून सुरुवात केली.

तुम्हाला सांगतो, मला शांतता हवी होती. बाकी काही नको होतं.

कारण आमची वसुधा, म्हणजे बायको, ती एकटी घरात असली तरी चार माणसं असल्यासारखी वाटायची. फोन कायम स्पीकरवर, त्यातून साताऱ्याची मावशी बोलतेय, इकडे मिक्सर, तिकडे टीव्हीवर कुणाची तरी सून रडतेय, आणि मी ऑफिसात सुटलो म्हणावं तर रोज साडेबाराला फोन, 'अहो, जेवलात काऽऽ?' तो 'का' असा लांबवायची की शेजारच्या क्यूबिकलमधला गोरा मान वर करून बघायचा. अगं बाई, डबा तूच दिलास ना? 'हो, पण जेवलात काऽऽ?' मी म्हणायचो, एक दिवस शांत ठिकाणी जाऊन राहणार आहे मी.

तर इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, जेवणं झाल्यावर, राजाराम नावाच्या मित्राने स्लाइड-शो लावला. बाली. शहर नव्हे, बीच नव्हे, आतलं खेडं. हिरवीगार भातशेती, आणि फोटोत एकच बदक, तेही तोंड मिटून बसलेलं. 'सुमंत, परक्या माणसाला तिथे जमीन घेता येत नाही, पण पंचवीस वर्षांच्या लीजवर घर मिळतं. स्नो पडायला लागला की निघायचं. तू नसशील तेव्हा टूरिस्टांना भाड्याने देऊ. आणि शांत आहे रे, फार शांत आहे!' झालं. रिटायरमेंटचे पैसे टाकले मी त्यात. बदकाकडे बघून टाकले.

गेलो दोघं. तीन आठवडे. आता शांत गावाची गंमत ऐका. पहाटे चारला कोंबडे. एक नाही, घरटी तीन. सहाला मोटरसायकली. मग देवळात लाकडी ढोल, तो वाजला की कुणाकडे तरी कार्य, आणि कार्य दर तिसऱ्या दिवशी. संध्याकाळी पोरं पितळी वाद्यांची प्रॅक्टिस करणार, तीही आमच्याच भिंतीपलीकडे. घराची देखभाल करणारा वायान, मी त्याला हाक मारली तर चौघं धावत आले, कारण तिथे थोरल्या मुलाचं नाव वायानच ठेवतात. मी म्हटलं, अरे बाबा, इथे शांतता कधी असते? तो हसून म्हणाला, 'आत्ता आहे की सर.' मागे कुणीतरी डुक्कर पकडत होतं.

आणि वसुधा? ती खूश. शेजारी एक म्हातारी आहे, दादोंग म्हणतात तिला, दादोंग म्हणजे त्यांच्यात आजी. दोघी दिवसभर तिच्या ओट्यावर बसून देवासाठी नारळाच्या पानांच्या टोपल्या विणायच्या. ही मराठीत बोलायची, ती त्यांच्या भाषेत, आणि दोघींचं व्यवस्थित चाललेलं. मी कानात बोळे घालून मागच्या खोलीत. म्हटलं, इथून पुढे दरवर्षी सहा महिने असं? मला शांतता हवी होती हो.

परत आलो, आणि फेब्रुवारीत वसुधा गेली. गेली म्हणजे... गेली. सकाळी. चहा टाकला होता तिने.

मग मात्र शांतता मिळाली. तुम्ही इकडे अमेरिकेत, आमच्या ईडन प्रेरीला आलाय का कधी थंडीत? या. माझ्याकडे चार बेडरूम आहेत आणि चारही शांत आहेत. शेजारी बारा वर्षं तेच आहेत, फार सज्जन, गाडीतून हात करतात, मग गराजचं दार खाली येतं आणि संपलं. फ्रीजमध्ये तो बर्फ पाडायचा डबा असतो ना, तो मधेच धाडकन बर्फ पाडतो, आणि मी सोफ्यावरून विचारतो, 'कोण आहे?' रोज विचारतो. आता सवयीने विचारतो.

आणि आमचं मंडळ. पॉटलकची लिस्ट येते, कुणी काय आणायचं त्याची. पूर्वी आमच्या नावापुढे असायचं, पुरणपोळी, पन्नास. आता असतं, 'सुमंतकाका - पेपर प्लेट्स'. प्रेमाने देतात हो, म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून. गेल्या गणपतीला मी प्लेट्स विसरलो. धावतपळत जाऊन सॉरी म्हणायला लागलो, तर एक मुलगी म्हणाली, 'इट्स ओके काका, वुई हॅव एक्स्ट्रा.' बरोबर आहे, एक्स्ट्रा असतातच. पण मला ते लागलं.

तर केदार म्हणाला, 'बाबा, ते घर विकून टाका. तुम्ही काय एकटे जाणार आहात तिथे?' त्यानेच गिऱ्हाईक शोधलं, नीलांबरी, हर्नडनची, आयटीतली, तिला मेडिटेशनसाठी जागा हवी होती. रविवारी संध्याकाळी सहाला कॉल ठरला, म्हणजे तिथे सोमवारी सकाळी सात. मी वायानला बजावलं, अर्धा तास गाव गप्प ठेव. 'येस सर. पण सर, त्याच दिवशी दादोंगच्या नातीचा दातांचा सोहळा आहे, स्वयंपाक तुमच्या अंगणात, तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही अंगठा पाठवलात.' आता त्याचे रोज दहा मेसेज येतात, मी सगळ्यांनाच अंगठा पाठवतो, वाचतो कोण? त्यांच्यात मुलगी वयात आली की पुढचे दात कानशीने जरा सपाट करतात. आपल्या मुंजीसारखं मोठं कार्य. सगळं गाव जेवायला.

कॉल लागला. वायानने फोन फिरवला आणि काय सांगू, चाळीस सुरे, चाळीस पाट, खटखटखटखट... नीलांबरी म्हणाली, 'काका, हा कसला आवाज?' मी म्हटलं, पाऊस. 'काका, ऊन पडलंय.' माझा अंगठा निघाला होता बटणाकडे, आईशप्पथ निघाला होता. तेवढ्यात दादोंगने वायानच्या हातातून फोन ओढला, स्क्रीनला नाक लावलं, आणि विचारलं,

'जेवलात काऽऽ?'

तोच 'का'. तेवढाच लांब. वसुधाने शिकवलेला, त्या ओट्यावर बसून.

वसुधा गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. केदार विचारतो, पण 'बाबा, गोळ्या घेतल्या ना?' असं. मी म्हटलं, हो, जेवलो, पोळी, भाजी, वरणभात. दुधात सीरियल खाल्लं होतं. तिला माझं उत्तर कळलं नाही, पण खोटं आहे ते कळलं बहुतेक, कारण ती रागावून काहीतरी बडबडली आणि मागे बघून ओरडली, आणि सुरे थांबवून एकेक माणूस येऊन मला बघून गेला. अर्धा तास. मी अंगठा काढून खिशात घातला. नीलांबरी कधी गेली कळलं नाही. मेसेज होता, 'विचार करून कळवते काका.' म्हणजे नाही. तुम्हा-आम्हाला कळतंच ना ते.

केदार चिडला. 'बाबा, आता ते कोण घेणार? मग जाऊन राहा तिथेच!' रागात म्हणाला तो, पण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वायानचा फोन. 'सर, पुढच्या पौर्णिमेला देवळाचं कार्य आहे. घरटी एक माणूस लागतो. तुमच्या घराकडे नारळ खवायचं काम दिलंय. माणूस पाठवा.' मी म्हटलं, अरे कुणाला पाठवू? घरात मी एकटाच आहे. तर तो म्हणाला, 'मग तुम्ही या.'

म्हटलं, माझ्याऐवजी एक्स्ट्रा कुणी नाही का रे? 'नाही सर. दोनशे नारळ आहेत.'

तर चाललोय. चौदा तारखेचं तिकीट आहे. वसुधाची विळी चेक-इनच्या बॅगेत टाकलीय, लुगड्यात गुंडाळून, कुणी उघडली तर काय सांगायचं ते ठरवलेलं नाही. अडुसष्टाव्या वर्षी, गुडघे हे असे, पहाटे चारला उठून परक्या गावाचे नारळ खवायला चाललोय मी... मला, ज्याला शांतता हवी होती.

काल वायानने विचारलं, 'सर, तुमची ती मागची खोली तयार करू? शांत आहे.' म्हटलं, नको, पुढची दे, दादोंगच्या ओट्याकडची. तो म्हणाला, 'सर, तिथे तुम्हाला झोप लागणार नाही.'

म्हटलं, इथे तरी कुठे लागतेय.