म्हणे, सावकाश वाका!

...वाका म्हणे! मला म्हणे, वाका! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं झाली, इथं ऑस्ट्रेलियात डबो गावाच्या आसपासच्या शेडांमधे मेंढ्या कातरतोय, सकाळी वाकलो की चहाच्या सुट्टीलाच सरळ, आणि ही काल कॉलेजातनं बाहेर पडलेली फिजिओ, टेगन, मला म्हणते, 'डॅरल, तुम्हाला वाकता येत नाही.' मला वाकायला शिकवणार!

बरं, कंबर दुखते, कबूल. दोन वर्षं दुखतेय. बुटाची नाडी बायको बांधते, आणि बांधताना जे बोलते ते वेगळंच. ठेकेदार क्लॅरीनं दम दिला, 'सोमवारी मोठ्या शेडचं काम सुरू होतंय. टेगन हो म्हणाली तर पहिली जागा तुझी. नाहीतर मी दुसरा बघतो.' पहिली जागा हो! दाराजवळची, वाऱ्याची! ती मिळवण्यात जवानी गेली माझी. म्हणून गेलो गपगुमान.

तर काय, चार पायांवर व्हा म्हणे. जिला जन्मभर उलटी पाडून कातरली, तिच्यासारखा मी मॅटवर उभा! एक हात पुढं, उलट बाजूचा पाय मागं. 'सावकाश, डॅरल. श्वास घ्या.' श्वास! तो काय आजवर माझ्या वाटचा बायको घेत होती? मला वाकायला शिकवणार!

आणि शेजारच्या मॅटवर कोण? मर्लबाई. ऐंशीच्या घरातली म्हातारी, शेडांमधे स्वयंपाक करता करता कंबर गेलेली. तिनं माझ्याकडं असं तिरकं बघितलं... तसं आमच्यात फक्त शेडमधे बघतात, शेजाऱ्याची मेंढी कुठवर आली ते! हळूच म्हणते, 'काय रे, झोपलास का?'

संपलं! अहो, शेजारचा पुढं निघालाय आणि कातरणारा श्वास घेत बसेल? मी सुरू. ती सुरू. हात-पाय, हात-पाय... टेगन ओरडतेय, 'अहो, ही शर्यत नाहीये!' अगं बाई, शेजारी माणूस असला की शर्यतच असते! म्हातारी हसतेय, मी घामाघूम, बरोबरीला आलो, पुढं गेलो, जिंकलो... आणि कमरेत जी चमक भरली म्हणता! तिथंच आडवा. छताकडं बघत.

टेगन वर उभी. शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. शांतपणे म्हणते कशी, 'डॅरल, कंबर सुधारेल हो. पण तुम्हाला थांबता येत नाही.' काय चीड आली म्हणून सांगू! कारण खरं होतं ते, लेकाचं.

सोमवारी पहिल्या जागेवर क्लॅरीचा मेव्हणा उभा राहिला. तो कातरतो की सोलतो ते मेंढीलाच विचारा! माझ्या जागेवर! आणि मी? पुन्हा पहिल्यापासून, मॅटवर, चार पायांवर. क्लॅरी म्हणालाय, पुढच्या शेडला बघू. तेवढ्यावर जगतोय. दात-ओठ खात, सावकाश, अगदी सावकाश हात पुढं...

तर शेजारून मर्लबाई म्हणते, 'त्या दिवशी मी मुद्दाम पुढं सोडलं हो तुला.'

सोडलं?! मला?!

हात-पाय, हात-पाय... गेली कंबर! पुढची शेडही गेली म्हणून समजा.