कापलेली रिंग

कुणाची एअर रायफल दुरुस्त करायला मी आता जात नाही. का, ते ऐका. माझी चुलतबहीण प्राची, इथे रत्नागिरीतच असते. रविवारी तिची पुण्यात निवड चाचणी होती, आणि रायफलीत छर्रा भरतात तिथूनच हवा सुटायला लागली. मी काकांकडे जाऊन तिथली रबरी रिंग बदलली. वर टिश्यू पेपर ठेवून बार काढला, कागद हललासुद्धा नाही. प्राची हसली.

मग मी जुनी रिंग बघितली. "काका, ही झिजलेली नाय. कुणीतरी ब्लेडने कापल्येय."

काका शांतपणे म्हणाले, "नवी बसवलीस ना? मग रविवारी हिला बघायला पाहुणे येतायत, त्यांना येऊ नका म्हणून तूच कळव."

प्राचीने रायफल खाली ठेवली. "बाबा, तोंडावर नको म्हणाला असतात, तर मी भांडले तरी असते."