सौंदडच्या शाखेची अकरावी बाई

...आता मले सांगा, अकराच काऊन? दहा बाया काय कमी एकट्या असतेत? पण गोंदियाच्या रुचिताईनं फोनवर ठणकावलं, "शामकलाबाई, एकल महिला संघटनेची शाखा काढायची तर सदस्य अकरा पायजेत म्हंजे अकरा!"

तुम्हाले सांगते, मालक गेल्यावर रेशनकार्डासाठी मी एकटी हापिसात गेली, त बाबू मान वर करे नाई. मग आमगावच्या शाखेच्या बाया संगं आल्या, त त्याच बाबूनं खुर्ची देल्ली! तवाच ठरवलं, आपल्या सौंदडात शाखा काढाचीच.

फिरली बाप्पा घरोघर! पार्वताबाई म्हणते, "सही केली त सासू रागावंल का?" म्हटलं, "माय, तुमची सासू जाऊन वीस वर्षं झाले!" "हो, पण जन्मभर भेली न मी तिले..." केली शेवटी सही. अशा माझ्यासकट दहा झाल्या. पण पायजेत अकरा!

राहिली पिंकी. तिचा नवरा दुर्गेश हैदराबादले कामाले गेला, त्याले सात वर्षं झाले. ना फोन, ना पत्ता. मी फॉर्म घेऊन गेली त पिंकी तांदूळ निवडत होती. खुंटीवर त्याचा शर्ट, नुकताच धुतलेला. म्हणते, "काकू, मी एकटी नाई. ते येतीन."

"अवं, पण..."

"मी सही केली म्हंजे मीच म्हटलं न, का ते आता येत नाई म्हणून?"

मी फॉर्म पिशवीत घातला अन् घरी आली.

महिनाभरानं तिच्या पोरीचा, स्नेहलचा, वसतिगृहाचा अर्ज वापस आला. काऊन? त बापाची सही नाई! त्याच दिवशी पिंकी माझ्या दारात. "द्या काकू फॉर्म." भराभर लिहत गेली, अन् 'पतीचा पत्ता' आला तिथं पेन थांबला. मग लिहलं, 'माहीत नाही'. अन् कागदावर पाणी पडलं ते पदरानं टिपलं.

झाल्या अकरा! दुसऱ्या दिवशी अकराही जणी एसटीनं वसतिगृहाच्या हापिसात. आईच्या सहीवर पोरगी वसतिगृहात गेली.

अन् दोन महिन्यानं... दुर्गेश ठेसनावर उतरला! हातात थैली, जसा काय सकाळीच बजारात गेल्ता! मी रजिस्टर घेऊन गेली. नाव काटाव लागंल न? शाखेले पायजेत अकरा!

पिंकीनं माझा हात धरला. "नाव कायले काटता काकू? सात वर्षं मी कोण होती?" दुर्गेश खाटेवर बसला होता. ऐकलं त्यानं. मी रजिस्टर मिटलं.

वाटलं, आता तरी सुटली मी. त आज सकाळी दारात चार बाया उभ्या! माझ्या शेजारची दुर्गेश्वरी पुढं. चौघींचे नवरे घरी, धडधाकट.

"आमचंबी नाव लिहा जी."

म्हटलं, "बायांनो, हे एकट्या बायांचं आहे!"

दुर्गेश्वरी म्हणते, "म्हणूनच त आलो न."

लिहिली नावं. काय करता?