आकाशपाळण्याचा खांब कुणाच्या घरात

नाही नाही साहेब, टेप तिकडे नाही, इकडे धरा, या ओट्यापाशी — मेळ्याच्या आकाशपाळण्याचा मधला खांब बरोब्बर इथे होता, आता माझी शेगडी आहे ना, तिथे. कशावरून म्हणजे? सासऱ्यांनी स्वतः दाखवलंय! लहानपणी त्या मेळ्यात हरवले होते ते, आणि त्याच खांबाला मिठी मारून दिवसभर रडले — आता दिवसभर मिठी मारलेला खांब माणूस विसरेल का? नाही विसरणार. पुढे मेळा बंद पडला, मैदानाचे तुकडे झाले, तर त्यांनी मुद्दाम हाच तुकडा घेतला आणि दोन मुलांना दोन घरं बांधून दिली, मधे एक भिंत. पलीकडे? पलीकडे माझी धाकटी जाऊ. काय सांगितलं तिने? खांब तिच्या बाथरूममध्ये होता? अहो, तिथे तिकिटाची खिडकीसुद्धा नसेल! माझं जरा कुठे चांगलं होताना दिसलं की हिच्या पोटात दुखलंच — आम्ही बोलत नाही, तसं भांडण नाही हो, माझा मिक्सर नेला, भांडं फोडून परत आणला आणि वर म्हणते आधीच तडा होता. त्याला झाली कितीतरी वर्षं. मला पाटीबिटीचा सोस नाही, साहेब. पण तुमचं संग्रहालय पितळी पाटी लावणार, पेपरात फोटो येणार — तो तिच्या बाथरूमचा का यावा?

आणि पुरावा दिलाय की तुम्हाला, तो गंजका बोल्ट! मागच्या अंगणात सापडला, चांगला वीतभर खोल — त्याहून खोल मला खणवत नाही हो, गुडघे दुखतात — म्हणजे, तेवढ्यातच सापडला असं म्हणायचंय. गंज बघा की, किती जुना! व्हिनेगरमध्ये ठेवला की कसा छान — म्हणजे, माती आंबट आहे आमची. हे काय काढलंत पिशवीतून? दुसरा? तिच्या अंगणात सापडला? बघू, बघू — अगं बाई! डोक्यावर शिक्कासुद्धा तोच! चोरटी मेली, आमच्याच डब्यातून! अहो, आमच्या दोघींचे नवरे एकाच गॅरेजात, ट्रकच्या बोल्टचा डबा तिथे एकच — आता हसताय काय? पण हिचा एवढा लाल कसा झाला? माझा नाही झाला. मीठ घातलं असणार. डोकं आहे हो तिला, पहिल्यापासून आहे.

बरं, राहू द्यात बोल्ट. तुमचा तो जुना फोटो, त्यातली ती अजून उभी असलेली पाण्याची टाकी, सगळं धरून खांब येतो कुठे? भिंतीखाली? मधल्या? अय्या, म्हणजे अर्धा तिचा, अर्धा माझा! पाटी मात्र माझ्या बाजूने — खणणार? काय खणणार? खांबाचा पाया बघायला माझा ओटा काढणार? छे छे छे! मग इथे नव्हताच तो. सासऱ्यांचं काय घेऊन बसलात, लहान पोर, रडून रडून डोळे सुजलेले, त्यांना काय दिसलं असेल! तिकडेच होता, तिच्या बाथरूममध्ये. जा, तिकडून खणा.

अहो थांबा, कुठे निघालात? नव्या टाइल्स बसवल्यात तिने, निळ्या, एकेक स्वतः निवडून आणलीय, कंबर धरून दुकानं पालथी घातली बिचारीने — मला दाखवल्या नाहीत, पण मला कळत नाही का? तुम्ही त्या फोडणार? एका पाटीसाठी? हात तर लावून बघा! — अगं ए! ऐकतेस का? हो, मीच बोलतेय, भिंत नाही बोलत! हे साहेब आपली घरं खणायला आलेत! — काय म्हणालीस? — ऐकलंत साहेब? मेळा नदीपलीकडे भरायचा म्हणते. बरोबर आहे तिचं. मी कधी काय वेगळं म्हटलं? नदीपलीकडे, अगदी पार पलीकडे. गुंडाळा ती टेप, आणि निघा — चहा नंतर कधीतरी, आत्ता मला जरा जावेकडे जायचंय.