सहाच्या बातम्यांची वर्गणी

सुनंदा : ...तर मी त्यांना सरळ विचारलं, हा रेडिओ ठेवलाय कशाला? मोबाईलवर सगळं फुकट मिळतं, बातम्या म्हणा, गाणी म्हणा. आणि हे उपग्रहावरून येणाऱ्या रेडिओची दर वर्षी वर्गणी भरतायत. कार्डाचा मेसेज पुण्याला माझ्या फोनवर येतो, म्हणून कळलं तरी.

बानू : मंग काय म्हणाले शिरीषभाई?

सुनंदा : "हो हो, बघू." एवढंच. आणि उठून गॅलरीत गेले. बानू, मी चार दिवसांपूर्वी आले. आठ वर्षांत दुसऱ्यांदा आले बहारीनला. ह्या चार दिवसांत नवराबायकोचं जेवढं बोलणं झालं, ते तुझ्या ह्या कपात मावेल.

बानू : चाय गार झाली ती. दुसरी टाकते.

सुनंदा : राहू दे, बस जरा. तू शेजारी राहतेस, मधे एक भिंत. एक विचारते, खरं सांगशील?

बानू : विचारा की भाभी.

सुनंदा : ह्यांच्याकडे कोणी येतं का? म्हणजे, बाई कोणी.

बानू : नाय हो. अल्लाची कसम, नाय. कुठून काढलंत हे?

सुनंदा : मग काय समजू मी? सावनीच्या बारावीसाठी मी पुण्याला परत गेले, तेव्हा रोज अर्धा तास फोन असायचा. कुठली भाजी केली, पाणी किती वाजता आलं, इथपर्यंत विचारायचे. गेल्या वर्षीपासून तो फोन दोन मिनिटांवर आला. हो. ठीक. मेसेज कर. काहीही सांगायला जावं, तर मेसेज कर. व्हिडिओ लावला की म्हणणार, नेट बरं नाही. सावनी नोकरीला बंगलोरला गेली, घरात मी एकटी. दिवसभरात माझ्याशी बोलतो तो दूधवाला, तेही हिंदीत. मला वाटलं, ह्यांचं इथे दुसरं काहीतरी सुरू झालंय. म्हणून व्हिजिट व्हिसा काढला आणि आले.

बानू : भाभी, आमच्या ह्यांनी, ताहिरनी, मला बजावून ठेवलंय, तोंड उघडायचं नाय. त्यांनी शिरीषभाईंना शब्द दिलाय. पण तुमी बाईचं काढलंत. आता मी गप बसले तर माझ्यावर गुन्हा राहील.

सुनंदा : काय झालंय?

बानू : आमची सुहा सहाला अभ्यासाला बसते. तुमचा रेडिओ पण सहालाच. गेल्या साली भिंतीपल्याडून नुसती कुजबुज यायची. मंग आवाज वाढायला लागला. वाढता वाढता इतका, की पोरीला बातम्या पाठ. इंग्लिश शाळेतली ती, मी मराठीत विचारलं तर इंग्लिशात जबाब देणार, पण जेवताना म्हणायला लागली, "आता ऐका ठळक बातम्या." हसलो आमी. पण परीक्षा आली तशी मी ताहिरना म्हटलं, जाऊन जरा सांगा शिरीषभाईंना.

सुनंदा : गेले का?

बानू : गेले ना. बेल दाबली, दार ठोकलं. फोन लावला, तर तो आत वाजतोय. कोणी उघडीना. ताहिर घाबरले. एकटा माणूस, काय झालं असेल. वॉचमनकडे चावी असते, त्याला वर आणला. दार उघडून बघतात तर शिरीषभाई टेबलाशी बसलेले. रेडिओ पुढ्यात, कान त्याला टेकवलेला, आणि वहीत काहीतरी लिहितायत. ताहिरनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यांना कळलं की घरात दोन माणसं आलीत.

सुनंदा : म्हणजे...

बानू : ऐकायला येत नाय भाभी त्यांना. अगदीच नाय असं नाय, पण कमी. एकोणीस वर्षं मीना सलमान बंदरावर त्या कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्रेसरपाशी. तो आवाज कुणाच्या कानांना सोडणार? ताहिरशी बोलताना रडले म्हणे. म्हणाले, कंपनीच्या मेडिकलला कळलं तर खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला.

सुनंदा : आणि मी चार दिवस घरात आहे.

बानू : तुमी ओट्याशी उभ्या राहून बोलता, पाठ त्यांच्याकडे. परवा मी पीठ द्यायला आले, तेव्हा बघितलं. तुमी विचारलंत, चहा ठेवू का? त्यांनी खुंटीवरची चावी आणून तुमच्या हातात दिली.

सुनंदा : मला वाटलं, मला बाहेर जायला सांगतायत. मी खाली हूराच्या बाजारात तासभर फिरत राहिले.

बानू : त्यांना वाटलं, तुमी चावी मागितली.

सुनंदा : पण मग रेडिओ कशाला? ज्याला ऐकू येत नाही त्याने...

बानू : तेच ताहिरनी विचारलं. तर म्हणाले, मोबाईलवर आवाज तुटतो, फोनवर पण तुटतो. मंग कळत नाय, कान खराब की लाईन खराब. रेडिओचा आवाज साफ. रोज तीच बाई, तीच वेळ, सावकाश वाचते. आणि शेवटी ठळक बातम्या परत सांगते. शिरीषभाई पयले ऐकतात, ऐकलेलं वहीत लिहितात, मंग शेवटी जुळवून बघतात, किती बरोबर आलं. रोजचं हाय ते. ताहिर म्हणाले, तुबलीला ओळखीचा कानाचा डाक्टर हाय, चला. तर म्हणाले, इंशाल्ला. गेले नाय.

सुनंदा : घरी असतील ते आता. शुक्रवार आहे.

बानू : जा तुमी. आणि भाभी, समोर बसा त्यांच्या. उजेडात.

(शिरीषचं घर. त्याच दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर.)

सुनंदा : इकडे बघा जरा.

शिरीष : बानूने सांगितलं वाटतं.

सुनंदा : कशावरून?

शिरीष : समोर येऊन बसलीस. चार दिवसांत बसली नव्हतीस.

सुनंदा : तुम्हीही बसला नव्हतात. मला का नाही सांगितलंत?

शिरीष : जरा हळू. भराभर बोललीस की शब्द एकमेकांत जातात.

सुनंदा : मला, का नाही, सांगितलंत?

शिरीष : फोनवर सांगितलं असतं. पण त्यावर तू काय म्हणालीस ते मला कळलं नसतं.

सुनंदा : मेसेज करायचा. मला सारखं सांगत होतात ना, मेसेज कर.

शिरीष : लिहिला होता. तीन-चार वेळा लिहिला आणि पुसला. लिहून बघितलं की वाटायचं, एवढंसंच तर आहे, ह्यासाठी तिला कशाला घोर लावायचा. आणि न लिहिता बसलो की ते घरभर व्हायचं.

सुनंदा : डॉक्टरला दाखवू. मशीन मिळतं कानाचं. कंपनीला कळायची काय गरज आहे?

शिरीष : कंपनीला मी सांगितलंय.

सुनंदा : कधी?

शिरीष : तू यायच्या आधीच्या रविवारी. नोटीस चालू आहे. तीस तारीख शेवटची.

सुनंदा : मग रोज सकाळी डबा घेऊन कुठे जाता?

शिरीष : स्टोअरमध्ये बसवलंय. खोक्यांना लेबलं लावतो. मशीनजवळ जायचं नाही.

सुनंदा : इतके दिवस लपवलंत, मग आत्ताच का सांगितलंत त्यांना? मेडिकल होती का?

शिरीष : मेडिकल नव्हती. तुला आधी आकिबचं सांगायला हवं. आकिब म्हणजे माझ्या हाताखालचा मुलगा. महाडकडचा, सत्तावीस वर्षांचा. मे महिन्यात अमोनियाच्या लाईनचं काम होतं. तो वर छतावर, मी खाली व्हॉल्व्हपाशी. वॉकीटॉकीवर तो मला म्हणाला, अभी मत खोलो. मला ऐकू आलं, अभी खोलो.

सुनंदा : उघडलात?

शिरीष : उघडला. त्याच्या तोंडावर गॅस आला. बाजूला झाला म्हणून वाचला. पाच दिवस डोळ्यांना पट्टी होती.

सुनंदा : दिसतं ना त्याला?

शिरीष : दिसतं. डावीकडे थोडं धूसर आहे, ते जाईल म्हणालेत. रिपोर्टमध्ये लिहिलं की वॉकीटॉकीची बॅटरी उतरली होती. मी लिहिलं. खाली सही केली.

सुनंदा : अहो.

शिरीष : तीन आठवडे सुनंदा. तो कामावर परत आला आणि माझ्याच शेजारी डबा खायला बसायचा. वर माझीच समजूत काढायचा. शिरीषभाई, तुमी कशाला मनाला लावून घेता, सेटच भंगार हाय. मी म्हणायचो, हो, बदलायला हवेत सेट. आणि स्वतःला सांगायचो, ते एकदाच झालं, मशीन चालू होतं, कोणालाही नसतं ऐकू आलं.

सुनंदा : मग?

शिरीष : मग एका गुरुवारी घरी आलो, सहाच्या बातम्या लावल्या. ऐकल्या, लिहिल्या. अगदी सरळ लिहिलं, कुठे अडलो नाही. मला वाटलं, आज कान बरे आहेत. शेवटी ती बाई ठळक बातम्या सांगायला लागली. आठातल्या दोन जुळल्या. कुठल्यातरी धरणाचं पाणी सोडलं होतं. मी लिहिलं होतं, पाणी अडवलं. आधी कसं व्हायचं, नाही कळलं की मी जागा मोकळी ठेवायचो. त्या दिवशी एकही जागा मोकळी नव्हती. सगळं कळल्यासारखं वाटत होतं मला, आणि सगळं चूक होतं.

सुनंदा : म्हणून गेलात.

शिरीष : शुक्रवार-शनिवार ऑफिस बंद. दोन दिवस ह्या खुर्चीत बसून काढले. रविवारी आधी आकिबला गाठलं. त्याला सांगितलं, सेट चांगला होता. मग मॅनेजरकडे गेलो.

सुनंदा : काय म्हणाला तो? आकिब.

शिरीष : त्या दिवशी तो डबा खायला दुसऱ्या टेबलावर बसला. अजून तिथेच बसतो.

सुनंदा : त्याचा राग जाईल.

शिरीष : जाऊ नये. मला काही त्याच्याकडून नको आहे.

सुनंदा : मी त्या रेडिओवरून तुम्हाला काय काय बोलले.

शिरीष : ते ऐकू आलं नाही.

सुनंदा : हसताय काय.

शिरीष : पण पुण्याहून तुझा मेसेजही आला होता, तो वाचला. तू विचारलं होतंस, पैसे भरण्यासारखं आहे काय त्या रेडिओत? त्याला उत्तर लिहायला बसलो होतो.

सुनंदा : आता सांगा.

शिरीष : आहे. मी सगळ्यांना फसवू शकलो. कंपनीला, तुला, सावनीला. मान डोलावली, हो म्हटलं, की माणसं समजतात ह्याला कळलं. त्या बाईपुढे मान डोलावून चालत नव्हतं. तिने तेवढं केलं. पण ह्या घरात बसून कधी कधी असं वाटायचं, की साऱ्या जगात एकाच माणसाचं बोलणं मला कळतंय, आणि ते माणूस काही माझ्याशी बोलत नाहीये.

सुनंदा : मी बोलत होते.

शिरीष : माहीत आहे मला.

सुनंदा : नाही. तुम्हाला माहीत नाही. फेब्रुवारीत मी फोन केला होता, मंगळवारी, तुम्ही कामावरून आल्यावर. छातीत गाठ लागली होती माझ्या हाताला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं, तुकडा काढून तपासायला. मी म्हणाले, मला भीती वाटते.

शिरीष : मी काय म्हणालो?

सुनंदा : जाऊ दे ते.

शिरीष : मी काय म्हणालो, सुनंदा?

सुनंदा : "छान, छान" म्हणालात. आणि मेसेज कर म्हणालात. मी नाही केला.

शिरीष : गाठीचं?

सुनंदा : साधी निघाली. नंतर काढून टाकली. आता काही नाही.

शिरीष : सावनी आली होती?

सुनंदा : तिला नाही कळवलं. नवी नोकरी तिची. दोन्ही वेळा रिक्षाने गेले आणि रिक्षाने आले. येताना रिक्षावाला म्हणाला, काकू, वर जिन्यापर्यंत हात देऊ का? तेव्हा मात्र मला रडू आलं.

शिरीष : परत सांग.

सुनंदा : रिक्षावाल्याचं?

शिरीष : नाही. त्या बुधवारचं. उठल्यापासून सगळं. सावकाश सांग, आणि तोंडापुढे हात धरू नकोस.

सुनंदा : आता काय त्याचं. होऊन गेलं.

शिरीष : माझ्यासाठी अजून व्हायचंय ते.

सुनंदा : पहाटे साडेपाचला उठले. बाहेर अंधार होता. दूध गॅसवर ठेवलं, आणि ते वर येईपर्यंत तिथेच उभी राहिले.