नवी सात, जुनी पाच

पुढे सरकून बसा मंडळी, मागच्यांना जागा होऊ द्या. ज्यांच्या मांडीवर लेकरं झोपलीत त्यांनी हलू नका, तुमची जागा तुमचीच आहे.

आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. खरं बोलावं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खरं बोलून आपलं नुकसान होत असेल तरी बोलावं, हेही लहानपणापासून ऐकत आलोय. पण मंडळी, खरं बोलण्यात आपलाच फायदा असेल तर? तेव्हा काय करावं? बोललं तर समोरचा म्हणणार, स्वतःच्या सोयीचं बोलतोय. गप्प बसलं तर समोरचा फसणार. सांगा बघू. हे पेटीवाले काका मान हलवताहेत, म्हणजे त्यांनाही माहीत नाही.

या प्रश्नाचं उत्तर मला एका गोल्फच्या मैदानावर सापडलं. हसू नका. देव काही ठरलेल्या ठिकाणीच भेटतो असं नाही.

आपल्या सोनजाईच्या टेकडीखाली ते मैदान आहे, तुम्ही एसटीतून जाता-येता पाहिलंय. हिरवळ, मधूनमधून झेंडे, आणि टोपी घातलेली चार माणसं सावकाश चालताहेत. खेळ सोपा आहे. छोटा चेंडू काठीनं मारत मारत दूरच्या एका भोकात घालायचा, आणि ते कमीत कमी फटक्यांत करायचं. काठी एक नसते, पिशवीभर असतात. प्रत्येक लोखंडी काठीच्या टोकाला मागे कललेलं पातं, आणि त्या पात्याच्या उताराप्रमाणे काठीवर आकडा कोरलेला. आकडा लहान तितका चेंडू लांब जातो, आकडा मोठा तितका तो उंच उडून जवळ पडतो. पाच नंबर लांब, सात नंबर त्याहून जवळ. बस, एवढं लक्षात ठेवा, आख्यानाला पुरेल.

तर तिथे खेळायचे डॉक्टर रायरीकर. दातांचे डॉक्टर, वय त्रेसष्ट, स्वभावानं मोकळे. आणि त्यांची पिशवी खांद्यावर घेऊन चालायचा कोंडिबा ढेबे. पिशवी वाहणाऱ्याला तिथे कॅडी म्हणतात. पण वाहणं हे अर्धंच काम. झेंडा किती यार्डांवर, वारा कुठला, आणि आपल्या साहेबांच्या हातानं कुठली काठी किती जाते, हे सगळं कॅडीच्या डोक्यात असतं. साहेबांनी विचारायचं, "किती?" यानं सांगायचं, "एकशे तीस." आणि काठी हातात द्यायची. अकरा वर्षं हे असंच चाललेलं. घरात कुणाला किती भूक आहे हे जसं वाढणाऱ्या बाईला न विचारता कळतं, तसंच.

आता त्या मैदानाची एक रीत सांगते. सोमवारी मैदान सभासदांना बंद. त्या दिवशी खेळतात कॅडी. त्यांच्याकडे स्वतःच्या काठ्या कुठल्या? आपापल्या साहेबांची पिशवी, साहेबांच्या संमतीनं. कोंडिबा अकरा वर्षं दर सोमवारी डॉक्टरांच्याच काठ्यांनी खेळला. हात बसला त्यांच्यावर.

आणि यंदा मैदानाच्या कमिटीनं ठरवलं होतं की एका सोमवारी कॅडींची स्पर्धा घ्यायची, आणि पहिला येईल त्याला नवशिक्यांना शिकवायच्या जागेवर कायम करायचं. कोंडिबाचं वय सत्तेचाळीस. एक गुडघा चढावर कुरकुरायला लागलेला. पिशवी खाली ठेवून उभ्या उभ्या शिकवायचं, ही जागा त्याच्यासाठी काय होती हे मी वेगळं सांगायला नको.

स्पर्धेच्या आधीच्या बुधवारी मैदानावर एका कंपनीचा माणूस आला, नवे संच घेऊन. दरवर्षी नवीन निघतात. मोबाइलसारखंच. सोबत एक जाळी आणि एक पडदा. चेंडू जाळीत मारायचा, किती लांब गेला असता ते पडदा सांगतो.

डॉक्टरांनी आपली जुनी सात नंबर मारली. पडद्यावर आलं, एकशे तीस. मग नवी सात नंबर मारली. एकशे पन्नास.

डॉक्टर पडद्याकडे बघतच राहिले. पुन्हा मारली. एकशे बावन्न.

"कोंडिबा, पाहिलंस? वीस यार्ड."

"पाहिलं, साहेब."

"चाळिशीत असताना मी सात नंबरनं दीडशे मारायचो."

मंडळी, इथे जरा थांबते. त्या माणसाला काठी नको होती. त्याला चाळिशी परत हवी होती. यात हसण्यासारखं काही नाही. आपण सगळे दुकानात असंच काहीतरी मागत असतो, आणि दुकानदार बिचारा चप्पल बांधून देतो.

कंपनीचा माणूस सज्जन होता. म्हणाला, "डॉक्टर, हा संच चार दिवस वापरून बघा. आवडला तर रविवारी मी येतो, जुना संच मला द्या, त्याचे पैसे किमतीतून वजा होतील."

रविवारी जुना संच जाणार. सोमवारी स्पर्धा. कोंडिबा पिशवीची चेन लावत होता, तो लावतच राहिला.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या कुणाच्या काठ्या मागून घ्यायच्या. पण त्या दिवशी सगळ्यांच्याच पिशव्या त्यांचे त्यांचे कॅडी वापरणार. बरं, डॉक्टरांचा नवा संच तरी? त्याच्यावर हात बसलेला नाही, आणि नव्या कोऱ्या वस्तूला पहिला ओरखडा कोण पाडणार?

गुरुवारी संध्याकाळी कोंडिबा घरी आला. त्याची बायको पारूबाई अंगणात घेवडा निवडत बसली होती. चेहरा बघूनच म्हणाली, "काय सांडलंय?"

यानं सगळं सांगितलं. आणि आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यानं त्या दिवशी नव्या काठ्या पुसताना पाहिली होती. "पारू, ती नवी सात नंबर सात नाहीच. तिच्या पात्याचा उतार आपल्या जुन्या पाच नंबरायवढा हाय. म्हणून लांब जाती. साहेबांची जुनी पाच बी दीडशेच जाती की."

"मग सांगा की साहेबांना."

"कसं सांगू? त्यांना वाटंल, ह्याला काठ्या हव्यात म्हणून सांगतोय."

"हव्यात न्हाईत का?"

"हव्यात. म्हणून तर."

पारूबाई शेंगांचे दोर काढत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे साहेब फसले तरी चालंल, पर तुमची इज्जत ऱ्हायला पायजे."

मंडळी, बायका असं भाजी निवडता निवडता बोलतात. आवाज चढत नाही, मान वर होत नाही. आणि ऐकणाऱ्याला आठ दिवस पुरतं.

कोंडिबा म्हणाला, "तसं न्हाई गं."

"मग दोन्ही सांगा."

"दोन्ही म्हंजे?"

"काठ्या मला पायजेत हे बी सांगा, आन् सात नंबर पाच हाय हे बी सांगा."

"आधी कोनतं?"

"ज्याची लाज वाटती ते आधी."

ऐकणं सोपं असतं हो. शुक्रवार गेला, त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही.

शनिवारी सकाळी डॉक्टर नवा संच घेऊन खेळायला उतरले. चौथ्या भोकाशी आले. झेंड्यामागे तिथे सरळ उतार आहे, खाली करवंदीची जाळी. चेंडू तिकडे गेला की गेला.

"किती?"

"एकशे तीस."

आणि अकरा वर्षांच्या सवयीनं कोंडिबाच्या हातानं सात नंबर काढून दिली. बघा हं, त्यानं मुद्दाम नाही केलं. एकशे तीस म्हणजे सात, हे हाताला पाठ. डोक्याला ठाऊक होतं, पण हात डोक्याला विचारत बसला नाही. चेंडू झेंड्यावरून गेला, हिरवळीवरून गेला, आणि करवंदीत पडला.

दुसरा कुणी असता तर चिडला असता. डॉक्टर खूश. "केवढा गेला बघितलंस?"

"गेला साहेब. सापडायचा न्हाई."

"जाऊ दे रे. पण गेला केवढा."

पुढच्या भोकाला डॉक्टरांनी स्वतःच सात मागून घेतली, आणि पुन्हा तेच. नऊ भोकं संपेपर्यंत पाच चेंडू हरवले, फटके गेल्या दहा वर्षांत कधी झाले नव्हते इतके झाले, आणि डॉक्टर शीळ घालत होते.

आपल्याकडच्या आज्या नाही का, सहा महिन्यांच्या बाळाला 'एक वर्षाचं' लिहिलेलं झबलं घालतात आणि गावभर सांगतात की बाळानं चांगलं अंग धरलंय. बाळ तेवढंच असतं हो. झबलं शिवणाऱ्यानं आकडा बदललेला असतो. पण आजीला सांगायचं कोणी? आणि बाळाच्या आईनं सांगितलं, तर आजी म्हणणार, हिला माझं कौतुकच बघवत नाही.

खेळ संपल्यावर डॉक्टर क्लब हाऊसच्या ओसरीत फरशीवर पाय पसरून बसले. सरबत मागवलं, दोन पेले. मग म्हणाले, "कोंडिबा, तीन दिवस तू गप्प आहेस. घेऊ की नको, सांग ना."

"मला नका विचारू, साहेब."

"अरे, तुला नाही तर कुणाला विचारू? घरी विचारलं तर ती म्हणते, माझ्या साड्यांपेक्षा तुमच्या काठ्या जास्त झाल्यात."

कोंडिबानं पेला खाली ठेवला. म्हणाला, "साहेब, माझा त्यात फायदा हाय. सोमवारी आमची स्पर्धा हाय. जुन्या काठ्या ऱ्हायल्या तर मी त्यांनी खेळीन. गेल्या, तर मला खेळायला काय न्हाई. पहिला आलो तर शिकवायची जागा मिळंल. हे आधी ऐका. आन् आता मी जे सांगीन ते ह्या माणसाचं बोलणं हाय, असं धरून ऐका."

डॉक्टर सरळ होऊन बसले.

कोंडिबानं पिशवीतून नवी सात काढली, आणि आत ठेवलेल्या जुन्या संचातली पाच आणि सात घेऊन आला. नवी सात आणि जुनी पाच शेजारी शेजारी फरशीवर टेकवल्या. गुणांचं पुठ्ठ्याचं कार्ड घेतलं आणि दोन्ही पात्यांवर मिळून एकच आडवं टेकवलं. कार्ड दोन्हीकडे सपाट बसलं, कुठे फट नाही. मग जुनी पाच बाजूला ठेवून तिथे जुनी सात धरली. कार्ड एका बाजूनं उचललं गेलं.

"आकडा बदललाय, साहेब. उतार पाचाचाच हाय."

डॉक्टरांनी स्वतः कार्ड ठेवून पाहिलं. दोनदा पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे माझी पाच नंबर जिथे जात होती तिथेच जाते आहे."

"हो."

"मी आहे तेवढाच आहे."

"हो साहेब." आणि जरा थांबून कोंडिबा म्हणाला, "पर अजून एक हाय. नव्या काठ्या हलक्या हायत. तुमचा उजवा खांदा सहाव्या भोकापासनं दुखायला लागतो, तो आज दुखला न्हाई. हे बी खरं हाय. ह्यात माझा तोटा हाय, तरी खरं हाय."

मंडळी, हे शेवटचं वाक्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पारूबाईनंसुद्धा नाही.

डॉक्टर बराच वेळ कार्डाशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "कोंडिबा, मी पस्तीस वर्षं लोकांच्या तोंडात बघून सांगतोय, ही दाढ काढावी लागेल, इथे कॅप बसवावी लागेल. सांगितलं ते खरंच सांगितलं. पण त्यात माझा फायदा आहे, हे एकालाही आधी सांगितलं नाही."

"तुम्ही डॉक्टर हाय, साहेब. लोकांना ठाऊकच असतं."

"ठाऊक असतं. म्हणून तर घाबरून दुसरीकडे विचारायला जातात."

रविवारी कंपनीचा माणूस आला. डॉक्टरांनी नवा संच पुसून परत दिला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी खांदा काय म्हणतो ते बघू. आणि तेव्हा आकडा नको, उतार दाखवा." तो माणूस म्हणाला, "विचारलं असतंत तर आत्ताही दाखवला असता." खरंच दाखवला असता. कुणी विचारत नाही.

आणि सोमवारी? सोमवारी मैदान सभासदांना बंद. पण फाटकाशी डॉक्टर रायरीकर उभे. कोंडिबाच्या खांद्यावरची पिशवी काढून त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली. सगळे कॅडी बघताहेत. कोंडिबा पिशवीचा पट्टा परत ओढायला लागला.

"साहेब, लोक काय म्हणतील."

"चल रे. डाव्या खांद्यावर घेतली आहे."

कॅडी म्हणून मात्र डॉक्टर अगदीच कामाचे नाहीत, हे पहिल्या भोकालाच कळलं. चौथ्या भोकाशी कोंडिबानं विचारलं, "किती?" डॉक्टर ऐटीत म्हणाले, "एकशे तीस," आणि सात नंबर पुढे केली. स्वतःच्या हाताचा हिशेब त्याच्या हाताला लावला. कोंडिबा म्हणाला, "साहेब, तुमची सात. माझी नऊ." आणि नऊ नंबरनं चेंडू झेंड्याजवळ टाकला.

आता तुम्हाला वाटत असेल की तो पहिला आला. मलाही सांगायला आवडलं असतं. तो दुसरा आला, एका फटक्यानं. शेवटच्या भोकाच्या काठावर चेंडू थांबला आणि आत पडला नाही. शिकवायची जागा त्याच्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या कॅडीला मिळाली. कोंडिबानं त्याचा हात हातात घेतला, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी उचलली.

खरं बोलणाऱ्याला लगेच बक्षीस मिळतं, असं मी या जागी उभं राहून सांगणार नाही. मिळालं काय ते सांगते. तेव्हापासून त्या मैदानावर नवीन संच आले की सभासद पडद्यापाशी जाण्याआधी कोंडिबाकडे येतात. आणि तो आधी सांगतो की यात माझं काय आहे, किंवा काही नाही. मग कार्ड काढतो. आणि डॉक्टर रायरीकरांकडे दात दाखवायला गेलात तर ते हातमोजे घालण्याआधी म्हणतात, "मी जे सांगणार आहे त्यात माझा फायदा आहे. हे धरून ऐका. आता आ करा."

आता तुमच्याकडे वळते. सुनेला सासूपुढे खरं बोलायचंय, त्यात तिची स्वतःची एक सुट्टी दडलेली आहे. भावाला वाटणीचं खरं सांगायचंय, त्यात आपला आंबा आहे. मुलाला सांगायचंय की इतक्या लांब नोकरीला जाऊ नकोस, आणि ते खरंच त्याच्या भल्याचं आहे, पण आपल्याला घर रिकामं वाटणार आहे हेही आहेच. आपण काय करतो? भलं तेवढं मोठ्यानं बोलतो, आणि रिकामं घर पोटात ठेवतो. मुलगा हुशार असतो. त्याला न सांगितलेलं आधी ऐकू येतं, आणि मग सांगितलेलं त्याला खोटं वाटायला लागतं. म्हणून दोन्ही ठेवा त्याच्यापुढे. कोंडिबानं ठेवल्या तशा, शेजारी शेजारी. कार्ड ज्याचं त्याला टेकवू द्या.

आणि कुठलं आधी, हे पारूबाईनं सांगितलंच आहे.

आता आरती होईल आणि ताट तुमच्यापुढे येईल. ताटात जे पडेल त्यातलं निम्मं देवळाच्या छपराला जातं आणि निम्मं माझ्या घरी येतं. माझी लेक आता रांगायला लागली आहे, तिला गोधडी घ्यायची आहे. हे झालं माझं. आता खरं सांगते. छपराचे वरच्या बाजूचे तीन पत्रे सरकलेत, ते मी येताना पाहिलेत. तुम्हीही बसल्या जागेवरून मान वर करून बघा, आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

चला, उठा आरतीला. लेकरांना उठवू नका, त्यांच्या वाटची आरती मी म्हणते.