घागरींशेजारची झोप

डॉक्टर : ...म्हणजे काका, बातमी चांगलीच आहे. झोपेत श्वास अडकत नाही, ऑक्सिजनही कमी होत नाही. घोरणं आहे, दणदणीत आहे, पण आजार नाही.

व्यंकटी : न्हाई? नीट बगा की मॅडम. कायतरी असंलच.

डॉक्टर : आजार नाही म्हटल्यावर तोंड पाडणारे तुम्हीच पहिले भेटलात. या, इथे बसा. आ करा... हं. नाक मोकळं, घसा मोकळा, अंगावर मांस नाही. तुम्ही इतकं घोरता कसे, तेच मला कळेना.

व्यंकटी : घोरतो. लई घोरतो. साऱ्या गल्लीला मालूम हाय.

डॉक्टर : काकू, तुम्ही सांगा. रात्री हे कसे झोपतात?

नीलाबाई : झोपतेत गुमान.

व्यंकटी : तिला काय इचारता. तिला एकदा झोप लागली की काय कळतंय.

डॉक्टर : बरं. झोप तपासायला घरी दिलेलं मशीन तुम्ही परत आणलंत ना, त्याच्या छातीच्या पट्ट्याला हा केस अडकलाय. चांगला हातभर लांब आहे. आणि तुमच्या डोक्यावर तर...

व्यंकटी : टक्कल हाय.

डॉक्टर : मग मशीन लावून झोपलं कोण?

नीलाबाई : मी.

व्यंकटी : अगं...

नीलाबाई : आता कुठवर झाकायचं? मी घोरते बाई. यांना घोरणं म्हाईत सुदिक न्हाई.

डॉक्टर : अहो, पण केसपेपर यांच्या नावाचा. मी औषध यांना दिलं असतं.

व्यंकटी : मी कुठं खाणार होतो? तिलाच दिलं असतं.

डॉक्टर : काका, असं कुणी करतं का?

व्यंकटी : बाईमाणूस घोरतंय म्हणायला जीभ उचलंना. तुमाला तर ठाव हाय, टँकर कवा येईल त्याचा नेम न्हाई. गल्लीत घागरी रांगेला लावायच्या, अन् घरचं एक माणूस घागरीशेजारी झोपायचं. माझी डाळमिलमधी रातपाळी. मग हिनं झोपायचं. पोरांनी मोबाईलमधी आवाज भरून घेतला अन् गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिवलं, 'पाण्याची रेल्वे आली.'

नीलाबाई : बाया माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावायच्या. घागर भरायला जायची लाज वाटायली.

व्यंकटी : मी सांगून टाकलं, आवाज माझा हाय. काम बुडवून मीच झोपलो होतो. एकदा म्हणलं, मग म्हणतच राहिलो. इथं बी तेच सांगितलं.

डॉक्टर : काकू, कधीपासून आहे हे?

नीलाबाई : लातूर जिल्हा झाला त्या साली आमचं लगीन झालं. तवा नव्हतं. पाळी यायची बंद झाली अन् हे सुरू झालं. त्यात ही धूळ, नाक चोंदलेलंच असतंय.

डॉक्टर : तंबाखू वगैरे?

नीलाबाई : मिसरी. झोपताना लावते जरा.

डॉक्टर : दिवसा बसल्या जागी डुलक्या येतात?

नीलाबाई : आधी नव्हत्या. आता रातीला झोपतच न्हाई मी, घागरीजवळ बसून ऱ्हाते. मशीन लावायचं होतं तवा यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या, पंखा मोठा केला, मग डोळा लागला.

डॉक्टर : गल्लीच्या हसण्यासाठी इतकं?

व्यंकटी : गल्लीचं काय घेऊन बसलात. लेक धर्माबादला दिलीय. पैली खेप हाय तिची. बाळंतपण माहेरी करायचं, पर इथं प्यायला पाणी न्हाई, लेकरू कशानं न्हाऊ घालायचं? ती म्हणती, आई, तूच इकडं ये. घर दोन खोल्यांचं. सासू, सासरा, जावई.

नीलाबाई : लेकीच्या सासरी जाऊन ऱ्हायचं, हीच आधी शरम. त्यात भिंतीपल्याड जावई, अन् मी अशी. दर बारीला तिला कायतरी निमित्त सांगते. आता तिचा फोनच येईना. तिला वाटत असंल, आईला यायचंच न्हाई.

डॉक्टर : आणि आजार निघाला असता तर?

नीलाबाई : तर सांगता आलं असतं. रोग्याची लोक कीव करतेत बाई, त्याला हसत न्हाईत.

डॉक्टर : ऐका काकू. मिसरी बंद करायची. झोपायच्या आधी उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं. मी स्प्रे देते, तो थोडे दिवस मारायचा. आणि उताणं झोपायचं नाही. मशीन सांगतंय, तुम्ही कुशीवर होता तेव्हा आवाज जवळजवळ नव्हता. पोलक्याला पाठीमागून चिंध्यांचा गोळा शिवा, उताणं झालात की टोचेल. तेवढ्यानं भागलं नाही तर दातांत बसवायचा साचा करून घेऊ.

नीलाबाई : पुरतं जाईल?

डॉक्टर : पुरतं जाईल असं नाही सांगत. बरंच कमी होईल. उरेल तेवढं लेकीला सांगून टाका.

नीलाबाई : या तोंडानं?

व्यंकटी : मी सांगतो की. म्हणतो, माझंच...

नीलाबाई : तुमी गप बसा. आता तुमच्या नावावर न्हाई घोरायचं मला. द्या तो फोन.

(नीलाबाई फोन घेऊन खिडकीपाशी जाते. थोडं बोलते, लेकीचं ऐकते आणि परत येते.)

व्यंकटी : काय म्हणली? हसली का?

नीलाबाई : रडली. पोट वाढलं तशी ती बी घोरायली म्हणं. सासूनं तिची गादी ओसरीत टाकलीय. आईला कसं सांगावं म्हून फोन करंना झाली होती.

डॉक्टर : हे तिथल्या डॉक्टरांना सांगायला लावा काकू. गरोदरपणी घोरणं सुरू झालं तर रक्तदाब बघावा लागतो. विसरू नका.

नीलाबाई : मीच घेऊन जाते तिला.

व्यंकटी : जाणार तू? काय म्हणलीस तिला?

नीलाबाई : म्हणलं, उद्या येते. ओसरीत दोघी कुशीवर झोपू.